फुसफुसणारी पेटी

माझ्या वडिलांच्या धंद्यात हवा म्हणजे चोर होती. लाऊडस्पीकरच्या पेटीतून ती कुठून तरी निसटायला लागली की आवाज फाटतो, पेटी फुसफुसते आणि लग्नघरची माणसं भर मंडपात चार शब्द सुनावतात. म्हणून लातूरच्या आमच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेटीवरून अब्बा ओला तळहात फिरवायचे. कुठं गार लागलं की तिथं पुट्टी भरायची, वरून काळा रंग मारायचा. भोक म्हणजे खोट, यावर त्यांचा इतका विश्वास की घरातल्या गळक्या बादलीपेक्षा गळक्या पेटीवर ते जास्त चिडायचे. अशा माणसाच्या पोरीनं पुढं जाऊन पेटीला मुद्दाम भोक पाडलं, आणि वर त्याचा अभ्यास केला.

घरात आम्ही दखनी बोलतो, दुकानात मराठी. अब्बांचं दोन्ही इतकं मिसळून गेलेलं होतं की वेगळं काढायला बसले तर दिवस जाईल. इथं मी त्यांना मराठीतच बोलू देते.

पहाटे भूकंप झाला त्या वर्षी मी शाळेत शिकत होते. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन होतं. अब्बांच्या पेट्या मिरवणुकीत फिरून परत आल्या होत्या आणि दुकानासमोर वायरींचा गुंता पडला होता. आमच्या घराला नुसत्या भेगा गेल्या. पण औशाच्या पलीकडं खेड्यात दिलेली अब्बांची थोरली बहीण, माझी फुफी, दगडमातीच्या घराखाली गेली. नुकतीच ती आमच्याकडं राहून गेली होती. अम्मी आणखी राहा म्हणत होती, पण हिचं सगळं चित्त शेरडांकडं. अब्बांनीच तिला एसटीत बसवून दिलं होतं. त्या सकाळी अब्बा अँप्लिफायर आणि एक भोंगा घेऊन तिकडं गेले. जेवण कुठं मिळतंय, डॉक्टर कुठं बसलेत, हे जीपमधून सांगत फिरले. मधूनमधून बटण बंद करून, भोवतीच्या लोकांना गप्प करून, ढिगाऱ्याखालून काही ऐकू येतंय का ते बघत राहिले. फुफीचा आवाज आला नाही. हे त्यांनी आम्हाला कधी समोर बसवून सांगितलं नाही. अम्मीकडून तुकड्यातुकड्यानं कळलं.

तेव्हापासून आमच्या घरात ‘धक्का’ हा शब्द कुणी काढत नाही. बसमध्ये कुणी ढकललं तरी आम्ही ‘रेटलं’ म्हणतो. आणि अब्बा कुणाला लांब पाठवेनासे झाले. एसटी स्टँडवर पाव्हण्याला सोडायला जायचं काम त्यांनी कायमचं माझ्या भावावर टाकलं.

मग लातुरात क्लासचं वारं आलं. रेणापूर, अहमदपूर, बीड, कुठून कुठून पोरं पत्र्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन उतरायला लागली. गल्लीगल्लीत खोल्या भाड्यानं गेल्या, भांड्यांच्या दुकानांच्या जागी मेस आल्या. क्लासचे हॉल लग्नाच्या हॉलहून मोठे झाले आणि मागच्या बाकावर सरांचा आवाज पोचेना. मग काय, अब्बांना बोलावणं आलं. लग्नसराई संपली की ओस पडणारं आमचं दुकान बारमाही झालं. न्यूटनचे नियम मी पहिल्यांदा ऐकले ते आमच्याच पेटीतून, आणि पेटीची घरघर नियमांपेक्षा जास्त ऐकली. पण माझं डोकं त्या विषयात चाललं हे खरं. बारावीला मार्क पडले आणि नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला नंबर लागला. नांदेडपर्यंत मला सोडायलासुद्धा अम्मीला अब्बांशी अबोला धरावा लागला होता. जेवणाचं ताट पुढं सरकवायचं आणि तोंड भिंतीकडं करायचं. शेवटी अब्बा म्हणाले, “नांदेड ठीक हाय. सकाळची गाडी धरली तर दुपारी पोचतो मी. त्याच्या पुढं नक्को.”

शेवटच्या वर्षी त्या ‘पुढं’वरच सगळं अडलं. माझ्या प्रोजेक्टचे सर म्हणाले होते, बाहेरच्या परीक्षकांसमोर तुझा प्रयोग उभा राहिला तर बंगळूरला संशोधनासाठी मी तुझं नाव सुचवतो, ते घेतील. ही बातमी मी उड्या मारत घरी नेली. अब्बा हातातली कात्री खाली न ठेवता म्हणाले की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्लासच्या मालकांना त्यांनी शब्द दिलाय, पोरगी जूनपासून फिजिक्स शिकवायला येणार. घरासमोर नोकरी, दुपारी जेवायला घरी. लातुरात त्या वेळी क्लासचा मास्तर म्हणजे कलेक्टरहून वरचा माणूस होता, तेव्हा माझ्यावर अन्याय झाला असं कुणाला सांगायचीही सोय नव्हती. मी भांडले. अब्बा भांडत नाहीत, ते कामात डोकं घालतात. “तुझी परीक्षा होऊ दे, मग बघू,” एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या ‘बघू’चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

प्रयोग काय होता ते आता सांगते. दिवा लांबून फुंकर मारून विझवता येतो. आता तोच दिवा तेवढ्याच लांबून श्वास आत ओढून विझवून बघा. जन्मात विझणार नाही. फुंकर एका रेषेत जाते. आत ओढलेला श्वास मात्र चहूबाजूंनी थोडा थोडा गोळा होतो. आता बंद पेटीत एक स्पीकर बसवा आणि पेटीला बारीकसं भोक ठेवा. स्पीकरचा पडदा आतबाहेर हलला की त्याच भोकातून हवा बाहेर फेकली जाते आणि त्याच भोकातून परत आत येते. जेवढी गेली तेवढीच आली. पण बाहेर पडणारी हवा भोकाच्या काठावर वळून तिचं एक गोल कडं होतं, आणि परतीचा श्वास सुरू होईपर्यंत ते कडं पुढं निघून गेलेलं असतं. मागून दुसरं, त्यामागून तिसरं. ना टाकी, ना नळी, तरी भोकातून झोत निघतो. पुस्तकात त्याला सिंथेटिक जेट म्हणतात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही लबाडी वाटली. जेवढं घेतो तेवढंच देतो, मग झोत कशाचा? पण सरांना त्याच्याही पुढचं बघायचं होतं. विमानाचा पंख जास्त तिरका झाला की वरून जाणारा वारा त्याची पाठ सोडतो, मागं नुसता गोंधळ उरतो आणि पंखाचा आधार जातो. पाठीत बारीक भोक ठेवून असला श्वास सोडला, तर हा पळून जाणारा आडवा वारा पुन्हा पाठीला धरून चालेल का? एवढाच प्रश्न होता, आणि त्यानं माझे सहा महिने खाल्ले.

प्लायवूडचा लांबट बोगदा केला, एका बाजूला काच. एका टोकाला एक्झॉस्ट फॅन, दुसऱ्या टोकाला कोल्ड्रिंकच्या नळ्या एकमेकींना चिकटवून जाळी, म्हणजे वारा सरळ यावा. मध्ये जमिनीवर कासवाच्या पाठीसारखा लाकडी उंचवटा, उतरणीच्या सुरुवातीला पितळी पातळ पट्टी आणि त्या पट्टीत भोक. त्याच्या खाली अब्बांच्या दुकानातून आणलेल्या स्पीकरची पेटी. धुरासाठी उदबत्त्या. दिव्यासमोर फिरणारी पुठ्ठ्याची खाचेची चकती, तिचा वेग स्पीकरच्या ठोक्यांशी जुळला की धुराची कडी जागच्या जागी दिसतात.

एका दुपारी वीज आली तेव्हा मी एकटीच प्रयोगशाळेत होते. पंखा लावला. धुराचा पदर उंचवट्यावर चढला, माथ्यावरून सुटला आणि मागं रोजच्यासारखा गोंधळ सुरू झाला. स्पीकरचा आवाज हळू ठेवला तर कडी भोकाबाहेर डोकं काढायची आणि परत गिळली जायची. चिडून बटण पुरतं फिरवलं, तर कडी आडव्या वाऱ्याला फोडून सरळ छताला जाऊन आपटायला लागली. ताकद भरपूर, उपयोग शून्य, मागचा गोंधळ होता तसाच. मी त्या पेटीला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग बटण हळूहळू मागं घेत गेले, आणि एका जागी काय झालं कोण जाणे. कडी बाहेर यायची आणि आडवा वारा त्यांना वाकवायचा. ती वाकून, तिरकी होऊन, पाय मागं ओढत पाठीला लागून सरपटायची आणि जाता जाता वरचा वेगवान वारा खाली ओढून आणायची. बघता बघता माथ्यावरून पळणारा तो धुराचा पदर खाली बसला. अंथरूण घातल्यासारखा उतारावर पसरला, गोंधळ नाहीसा झाला.

माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या मोठ्या वाऱ्याला एवढासा श्वास वळवतो! मी बटण बंद केलं, पदर सुटला. चालू केलं, बसला. किती वेळा केलं कोण जाणे. ज्यानं ही हवा केली त्याच्यापुढं मान आपोआप खाली गेली. मला कुणालातरी ओढून आणून दाखवायचं होतं आणि त्या वेळी मनात आलेला चेहरा अब्बांचाच होता.

परीक्षा तोंडावर आली आणि स्पीकरचा पडदा फाटला. वरच्या पितळी पट्टीसकट पेटी काढली आणि मांडीवर घेऊन मी लातूरला गेले. अब्बांनी रात्रीतून नवा पडदा बसवला, पेटी जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधून दिली, आणि मी तशीच ती नांदेडला आणली. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सोडून बघते तर पितळी पट्टीवरचं भोक गायब! पुट्टी भरून, घासून, वरून काळा रंग मारलेला. काम इतकं सुबक की भोक होतं कुठं हेही नखानं चाचपून शोधावं लागलं. पुट्टी दगडासारखी वाळलेली, पट्टी कागदासारखी पातळ. टाचणीनं उकरायला गेले तर पट्टी वाकायला लागली.

गेटबाहेरच्या एसटीडी बूथवरून दुकानाच्या शेजारी फोन लावला. अब्बा फोनवर आले तशी मी ओरडलेच.

“अब्बा, पेटीचं भोक कुठाय?”

“बुजवलं की,” अब्बा खुशीत म्हणाले. “लई फुसफुसून राहिली होती. आता थेंबभर हवा जायची न्हाई.”

“अहो, तेच तर माझं प्रोजेक्ट होतं!”

बूथमधली माणसं माझ्याकडं बघत होती. मला तर शंकासुद्धा येऊन गेली, की बंगळूर टळावं म्हणून तर नाही ना बुजवलं? पण मग अब्बांचा आवाज आला, आणि त्या आवाजात मुद्दाम काही केल्याची खूण नव्हती, नुसती भीती होती.

“हात लावू नको त्याला. मी येतो.”

परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीनं आले. हातात पिशवी, पिशवीत छोटा हातड्रिल, बारीक कानशी आणि अम्मीनं दिलेल्या पोळ्या. परीक्षक सरांच्या खोलीत चहा पीत होते तेवढ्या वेळात अब्बांनी खाली मांडी घालून पट्टी गुडघ्यात धरली आणि भोक मोकळं केलं. कपाळावरून घाम गळत होता. मी स्पीकर लावला, त्यांनी सवयीनं ओला तळहात वर धरला आणि माझ्याकडं बघितलं. “गार लागून राहिलं,” म्हणाले. “बरं हाय ना हे?” मी म्हटलं, अब्बा, हेच पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गळकी पेटी तशीच सोडून दिली.

परीक्षक आत आले, तसे अब्बा दाराशी जाऊन उभे राहिले. सरांनी खुर्ची दिली तर “न्हाई, मी बरा हाय इथं,” म्हणाले.

परीक्षक पुण्याकडचे होते. भाषा धुतलेल्या कपड्यासारखी स्वच्छ. त्यांनी बोगद्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “पेटीत हवा येते कुठून?”

“त्या भोकातून, सर.”

“आणि जाते?”

“त्याच भोकातून.”

“म्हणजे आवक-जावक सारखीच. मग बाहेर झोत कसला निघतोय?”

मी चकती फिरवली, दिवा लावला, बटण त्या ठरलेल्या जागी आणलं. काचेमागं धुराची कडी एकामागं एक उभी राहिली. ती बघितली की मला भान राहत नाही. चार वर्षं जिभेला लावलेलं वळण सुटलं आणि मी घरच्या बोलीत बोलून गेले, “बघा ना सर, हवा बाहेर जाऊन राहिली!”

परीक्षक हसले. “जाऊन राहिली म्हणजे काय हो? गेली, की राहिली? एक काहीतरी नक्की सांगा.”

मागं उभी असलेली आमच्या वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. माझे कान तापले. दाराकडं बघायची हिंमत झाली नाही. मी काचेकडं बघितलं. कडी पुढं चालली होती आणि जागच्या जागी उभीही होती. आणि एकदम मला माझ्याच भाषेचं नवल वाटलं. जन्मल्यापासून बोलत आले ते हेच होतं की!

“दोन्ही, सर,” मी म्हटलं. “हवा गेली आणि राहिली. पेटीतली हवा कमी होत नाही, ती राहते. पुढं जातो तो तिचा...” ‘धक्का’ अगदी जिभेवर आला होता, पण दारात अब्बा होते. “तिचा रेटा. आणि तो आडव्या वाऱ्याशी भांडला तर छताला जाऊन वाया जातो. वाऱ्याबरोबर वाकला तर त्याला धरून आणतो.”

मी बटण बंद केलं. धुराचा पदर उंचवटा सोडून वर उडाला. चालू केलं. पदर खाली आला आणि पाठीवर पसरला. पोरांचं हसणं थांबलं होतं. परीक्षकांनी चष्मा काढला, काचेला जवळजवळ नाक लावलं आणि म्हणाले, “परत करा.” मी परत केलं. “परत.” मग त्यांनी स्वतःच बटण हातात घेतलं आणि लहान पोरासारखं चालू-बंद करत बसले. बऱ्याच वेळानं सरळ होऊन म्हणाले, “हे तुमचं क्रियापद आमच्याकडे नाही. असायला हवं होतं.” माझा जीव भांड्यात पडला. सर मागून मान हलवत होते. बंगळूरचं माझ्याकडून होतं तेवढं झालं होतं. उरलं होतं ते दारात उभं होतं.

अब्बा पुढं आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. काचेतून ते त्या पसरलेल्या धुराकडं बघत होते, तोंड अर्धवट उघडं. “या अल्ला,” एवढंच हळू म्हणाले. मंडपापासून मिरवणुकीपर्यंत सगळे आवाज त्यांनी ऐकले होते, पण हवा त्यांनी कधी बघितली नव्हती. कुणी बघितलेली असते? त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते उदबत्तीच्या धुरानं आलं असं मी तरी मानत नाही.

दुपारी गेटकडं चालत निघालो. अब्बांनी एकदम विचारलं, “पेटी रिकामी होत न्हाई म्हणलीस, ते खरं, का त्या साहेबाला गप करायला?”

“खरं, अब्बा.”

“कितीबी येळ चालवली तरी?”

“कितीही वेळ.”

“मोजून बघितलंस?”

“बघितलं.”

त्यांनी मान हलवली. गेटबाहेरच्या बूथपाशी आले आणि पिशवी माझ्या हातात देऊन आत शिरले. मला वाटलं, अम्मीला फोन करतायत. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

“सलाम साहेब. पोरीचं बोललो होतो न्हाई का क्लाससाठी, तेवढं सोडून द्या. न्हाई, न्हाई, नाराजी कसली. पेट्या हायेत की तुमच्याकडं, त्या राहतील.” मग जरा थांबले, घसा खाकरला आणि मंडपात माइक लावल्यावर बोलायचे तशा खणखणीत आवाजात म्हणाले, “माझी पोरगी बंगळूरला जाऊन राहिली.”

मी भर रस्त्यात, पोळ्यांची पिशवी छातीशी धरून, ढसाढसा रडले. अब्बा बाहेर आले, माझ्याकडं न बघता पिशवी परत घेतली आणि म्हणाले, “आता रडून काय राहिली? तुझ्या अम्मीला तूच सांग. मला न्हाई जमायचं ते.”